रानमांजर : बांधावरचा अबोल शिकारी



दिवस मावळतीला टेकला म्हणजे शेतातील कामे आवरती होतात. पाण्याची मोटर बंद करून, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन माणसे घराकडे वळतात. अशा वेळी उसाच्या कडेने किंवा ओढ्याकाठच्या लव्हाळ्यातून एखादे मांजर बाहेर येते, बांधावर क्षणभर थबकते, माणसाकडे रोखून पाहते आणि सावकाश पलीकडच्या गवतात दिसेनासे होते. पाहणारा मनाशी म्हणतो, "कुणाचे तरी मांजर रानात हिंडते आहे." पुष्कळदा हा समज चुकीचा असतो. ते मांजर कुणाचेच नसते. ते रानात जन्मलेले, रानातच वाढलेले आणि स्वतःच्या शिकारीवर जगणारे रानमांजर असते. महाराष्ट्राच्या काही भागांत त्याला बाऊल असेही म्हणतात.

वाघ आणि बिबट्या यांच्याविषयी बोलले जाते, लिहिले जाते. त्यांची गणना होते, त्यांची छायाचित्रे घराघरांत पोहोचतात. त्याच कुळातील हा लहान प्राणी मात्र आपल्या शेताच्या बांधावर राहूनही अपरिचित राहिला आहे. हा अपरिचय त्याला महागात पडतो आणि शेतकऱ्यालाही. म्हणून त्याची ओळख, त्याची शिकारीची रीत आणि त्याचे आपल्या शेतीशी असलेले नाते समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळख

रानमांजर घरच्या मांजरापेक्षा उंच आणि लांब पायांचे असते. डोके व धड मिळून त्याची लांबी साधारण साठ ते पंचाहत्तर सेंटीमीटर, खांद्यापाशी उंची सव्वा फुटाच्या आसपास आणि वजन बहुधा चार ते आठ किलो भरते. नर मादीपेक्षा थोराड असतो. अंगाचा रंग वाळलेल्या गवतासारखा, पिवळसर करडा. पूर्ण वाढलेल्या जनावराच्या धडावर ठिपके किंवा ठळक पट्टे नसतात. पायांच्या आतल्या अंगाला मात्र काळसर आडवे पट्टे दिसतात. कानांची पाठ तांबूस असून टोकांवर काळ्या केसांचा लहानसा झुपका असतो. शेपटी धडाच्या मानाने आखूड, टोकाकडे काळी वलये असलेली आणि शेवटी काळीच असते. उंच पाय, आखूड शेपटी आणि कानांवरील झुपके या तीन खुणा ध्यानात ठेवल्या की घरचे मांजर आणि रानमांजर यांत गल्लत होत नाही.

इंग्रजीत याला 'जंगल कॅट' म्हणतात. त्यावरून हा प्राणी घनदाट अरण्यात राहत असावा असे वाटते. वास्तविक दाट अरण्य त्याला फारसे मानवत नाही. आयुर्वेदात 'जांगल' हा शब्द कमी पाण्याच्या, विरळ झाडीच्या प्रदेशासाठी वापरला आहे आणि तो अर्थ या मांजराला अधिक शोभतो. माळरान, खुरटी झुडपे, नदीकाठचे गवत, पाणथळीतील लव्हाळी आणि उभी पिके ही त्याची आवडती ठिकाणे होत. भर उन्हात ते गवताच्या जाळीत किंवा साळिंदराने सोडून दिलेल्या बिळात विसावते.

इजिप्तमधील नाईल नदीच्या खोऱ्यापासून पश्चिम आशिया, भारत व श्रीलंका ओलांडून थेट चीनच्या दक्षिण भागापर्यंत या प्राण्याचा वावर आहे. १७७६ साली गुल्डेनश्टेट या निसर्गशास्त्रज्ञाने कॉकेशस पर्वताच्या उत्तरेकडील तेरेक नदीच्या परिसरात आढळलेल्या रानमांजराचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी श्रेबर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला 'फेलिस चाउस' हे शास्त्रीय नाव दिले. योगायोग असा की, त्याच १७७७ साली श्रेबरनेच उत्तर अमेरिकेतील 'बॉबकॅट' या रानटी मांजराचेही नामकरण केले. बॉबकॅट हा लिंक्स गटातील प्राणी. त्याच्या अंगावर ठिपके असतात, शेपटी अगदी तोकडी असते आणि तो रानमांजरापेक्षा बराच दणकट होतो. ससे हे त्याचे मुख्य भक्ष्य. प्रसंगी तो हरणही मारतो. हे दोघे निकटचे आप्त नव्हेत. तरीही कानांवरील झुपके, दबा धरून शिकार करण्याची सवय आणि माणसाच्या वस्तीच्या कडेने निभावून नेण्याची हातोटी या बाबतींत त्यांचे साम्य आहे. या अमेरिकी मांजराच्या वाट्याला आलेला एक अनुभव आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

आपल्या शेतशिवारात आणखी एक लहान रानटी मांजर आढळते. त्याच्या अंगावर तांबूस ठिपके असतात आणि त्याला वाघाटी म्हणतात. हे नाव गावोगावी एकाच प्राण्यासाठी वापरले जाते असे मात्र नाही. ठिपकेदार लहान मांजरांना सरसकट वाघाटी म्हणण्याचा प्रघात आहे. तांबूस ठिपक्यांची ही वाघाटी जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी एक होय. पूर्ण वाढ झाली तरी तिचे वजन दीड किलोच्या आसपासच राहते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ या देशांपलीकडे ती कोठेही नाही आणि पश्चिम महाराष्ट्रातील शेतांतून ती पिले वाढवते, हे आता निश्चितपणे ठाऊक झाले आहे.

शिकारीची रीत

रानमांजर एकटे राहते आणि एकटेच शिकार करते. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या धामधुमीच्या वेळा. पण इतर लहान रानमांजरांच्या मानाने ते दिवसाही बरेच हिंडते. त्याची शिकार बहुधा डोळ्यांनी सुरू होत नाही, ती कानांनी सुरू होते. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळू शकतात. उंदीर आपापसांत जे बारीक चीत्कार करतात, त्यांतील पुष्कळसे माणसाच्या कानाच्या कक्षेपलीकडचे असतात. मार्जारकुळाला ते ऐकू येतात. गवतात काही हलल्याची चाहूल लागली की रानमांजर जागच्या जागी थिजते. मान स्थिर, कान पुढे आणि एक पाय उचललेला तसाच अधांतरी. आवाजाची जागा नक्की झाली म्हणजे ते अंग जमिनीसरसे करून पुढे सरकते, पुन्हा थांबते, पुन्हा सरकते. मागचा पाय बहुतेक पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो, त्यामुळे वाळलेले पान वाजत नाही. नख्या आत ओढलेल्या असतात आणि तळव्याची गादी मऊ असते.

योग्य अंतर आले की एक आखूड धाव आणि एक झेप. भक्ष्य पुढच्या पंजांखाली दाबले जाते आणि मानेत सुळे रुतवून क्षणार्धात संपविले जाते. लांबवर पाठलाग करणे हे या प्राण्याचे काम नव्हे. त्याची सारी भिस्त दबा धरण्यावर आणि संयमावर असते. बिळाच्या तोंडाशी ते दीर्घ काळ निश्चल बसून राहते. प्रत्येक झेप साधतेच असे नाही. ती चुकली तर ते उगाच मागे धावत नाही. अंग झटकते आणि दुसरीकडे वळते.

उंदीर हे त्याचे मुख्य अन्न असले तरी ससे, पाखरे, सरडे, साप, बेडूक आणि किडे हेही त्याला वर्ज्य नाहीत. उडू पाहणारे पाखरू ते सरळ वर उसळी घेऊन पंजाने खाली आणते. पाण्याची भीती त्याला नसते. पोहून पलीकडे जाणे आणि उथळ पाण्यातील मासा उचलणे दोन्ही त्याला जमते. खुराड्याचे दार उघडे राहिले तर कोंबडीही ते नेते. ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण गावकऱ्यांचा त्याच्यावरील राग मुख्यतः याच एका कारणाने आहे.

उंदरांचा हिशेब

कोंबडी गेली की ती मोजली जाते. उंदीर गेला तर तो कोणी मोजत नाही. हा हिशेब राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात अभ्यासकांनी मांडून पाहिला. रानमांजराच्या विष्ठेतील हाडे, दात आणि केस तपासून त्याच्या आहाराचा अंदाज बांधण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी खाते. तीनच धरले तरी वर्षाकाठी एक हजाराहून अधिक होतात.

हा हिशेब अरण्यातला आहे, शेतातला नव्हे. तरीही त्यावरून शेतकऱ्याने बोध घ्यावा असे त्यात पुष्कळ आहे. शेतातील उंदराची मादी अवघ्या तीन आठवड्यांच्या गर्भावधीत पिले देते आणि वर्षातून अनेक वेळा विते. तिची पिलेही काही महिन्यांतच विऊ लागतात. उभ्या पिकाची नासाडी वेगळी आणि बिळात साठवून ठेवलेल्या कणसांची वेगळी. ज्यांनी घुशीचे बीळ खणून पाहिले आहे, त्यांना या कोठाराची कल्पना आहे. या प्रजननाला रानात आवर घालणारी मंडळी मोजकीच : गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस, कोल्हा आणि रानमांजर. ही मंडळी मजुरी मागत नाहीत आणि सुट्टीही घेत नाहीत.

विषाची साखळी

उंदीर वाढले की शेतकरी विषारी आमिषाकडे वळतो. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना त्याला दोष देता येणार नाही. तथापि विषाचा प्रवास उंदराजवळ संपत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा परिणाम काही दिवसांनी होतो. ते खाल्लेला उंदीर ताबडतोब मरत नाही. तो सुस्तावतो, उघड्यावर हिंडतो. असा उंदीर रानमांजराला सहज सापडतो आणि त्याच्या शरीरातील विष शिकाऱ्याच्या शरीरात जाते. शिकारी रोज नवा उंदीर खातो, त्यामुळे विष साचत राहते.

येथे बॉबकॅटचा अनुभव बोलका आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस शहराला लागून सांता मोनिका नावाची डोंगररांग आहे. तेथील बॉबकॅटांवर राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याचे संशोधक १९९६ पासून लक्ष ठेवून आहेत. २००२ च्या सुमारास तेथे खरजेची साथ पसरली आणि बॉबकॅट मोठ्या संख्येने मरू लागले. एरवी जी खरूज सशक्त जनावराला सहसा मारत नाही, ती यांना का मारते याचा शोध घेतला असता, मेलेल्या बॉबकॅटांच्या यकृतात घरांभोवती वापरल्या जाणाऱ्या उंदीरमार औषधांचे अंश आढळले. या औषधांमुळे त्या प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती बिघडते, असे पुढील संशोधनात दिसून आले. बॉबकॅटांना विष कोणी घातले नव्हते. ते उंदरांना घातले होते. अखेर २०२० साली कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा तीव्र औषधांच्या वापरावर निर्बंध आणले.

आपल्याकडेही याच प्रकारची औषधे वापरात आहेत. त्यांचा वापर अटळ असेल तेथे कृषी विभागाच्या मार्गदर्शनाने, ठरलेल्या प्रमाणात आणि बिळाच्या आत करावा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. बांध स्वच्छ ठेवणे, बिळे खणून काढणे, सापळे लावणे, घुबडांना बसण्यासाठी शेतात उंच मचाणे उभारणे हे उपाय आधी आणि विष शेवटी, असा क्रम ठेवला तर शत्रू मरेल आणि मित्र वाचेल.

उसाच्या फडातील पिले

रानमांजराच्या मादीला साधारण दोन महिन्यांच्या गर्भावधीनंतर पिले होतात. बहुधा तीन, कधी कमी, कधी अधिक. दहा-बारा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. पिलांच्या अंगावर पट्टे असतात आणि ती मोठी होताना पुसट होत जातात. त्यामुळे लहानपणी ती हुबेहूब घरच्या मांजराच्या पिलांसारखी दिसतात. त्यांना वाढविण्याचा सारा भार एकट्या आईवर असतो. ती शिकारीला जाते तेव्हा पिले तासन् तास एकटी असतात. पुढे ती त्यांच्यासाठी भक्ष्य आणू लागते, त्यांना झेप शिकविते. सुमारे सहा महिन्यांची होईपर्यंत ती स्वतःच्या हिमतीवर जगू शकत नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रात उसाचा फड हा या मादीला सोयीचा वाटतो. तेथे सावली आहे, पाणी आहे, उंदीर मुबलक आहेत आणि माणसाची वर्दळ महिनोन् महिने नसते. अकोले तालुक्यातील शेतीच्या खोऱ्यात अभ्यासकांनी स्वयंचलित कॅमेरे लावले, तेव्हा बिबट्या व तरस यांच्याबरोबरच रानमांजर आणि वाघाटी यांचीही छायाचित्रे मिळाली. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या खोऱ्यात अरण्य नाही, केवळ शेती आणि दाट लोकवस्ती आहे, तेथे हे प्राणी माणसाला न कळता राहत होते.

मग तोडणीचा हंगाम येतो. टोळी फडात उतरते, कोयते चालू लागतात आणि पाहता पाहता निवारा नाहीसा होतो. आई आवाजाने दूर जाते. पिलांना पळता येत नाही. पाचटात चिमुकली पिले दिसतात आणि हाक जाते, "बिबट्याची पिले!" कधी भीतीपोटी त्यांना इजा होते. पण अधिक हानी होते ती दयेपोटी. कोणी पिले घरी नेतो, गाईचे दूध पाजतो, मुलांच्या हाती खेळावयास देतो. दोन-तीन दिवसांत पिले हगवणीने खंगतात. जगली तरी शिकार न शिकलेले रानमांजर पुन्हा रानात नांदणे दुरापास्त असते. आई मात्र अंधार पडल्यावर त्या जागी परत येते, शोधते आणि रिकामी परतते.

आई परत येते, ही या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जुन्नर परिसरात वन विभागाने बिबट्याची आणि लहान मांजरांची पिले त्यांच्या आयांना मिळवून देण्याचे काम वारंवार यशस्वी केले आहे. त्याची रीत साधी आहे. पिले जेथे सापडली तेथेच, संध्याकाळी, खोक्यात सुरक्षित ठेवावयाची. माणसांनी दूर व्हावयाचे. आणि वाट पाहावयाची. आई येते, हुंगून खात्री करून घेते आणि मानेला धरून एकेक पिलू उचलून नेते.

म्हणून टोळीतील प्रत्येकाला आणि शेतमालकाला चार गोष्टी ठाऊक असाव्यात. पिले दिसताच त्या भागातील तोडणी थांबवावी. पिलांना विनाकारण हाताळू नये, दूध पाजू नये आणि गावात नेऊ नये. कुत्री व गर्दी दूर ठेवावी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनकर्मचाऱ्याला तात्काळ कळवावे. पिले बिबट्याची की मांजराची, हा निर्णय वनकर्मचाऱ्यांवर सोपवावा. बिबट्याची असल्यास आई जवळपास असण्याचा धोकाही असतोच. एका दिवसाची, एका कोपऱ्यातील तोडणी पुढे ढकलली तर कारखान्याचे चाक थांबत नाही. आणि ऊस पेटवून तोडण्याची प्रथा जेथे असेल तेथे हेही आठवावे की, चोहोबाजूंनी लागलेल्या आगीतून या पिलांना वाट नसते.

निवारा आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानमांजर आणि वाघाटी या दोघांनाही संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा होय. परंतु कायदा शिकाऱ्याला अडवू शकतो. निवारा नाहीसा होणे तो एकटा थांबवू शकत नाही. माळरानाला आपण 'पडीक' म्हणतो आणि ते रिकामे समजून वापरून टाकतो. ओढ्याकाठचे गवत जाळले जाते, बांध नांगरात जातो. रस्ते रुंद होतात आणि रात्री वाहनांखाली ही मांजरे सापडतात. मोकाट कुत्री त्यांच्यावर तुटून पडतात. घरच्या मांजरांशी संकर झाल्याने त्यांची जात भेसळीची होते आणि रोगही त्यांच्यापर्यंत पोहोचतात.

यातील काही गोष्टी मोठ्या योजनांच्या कक्षेतील आहेत. काही मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या हातातल्या आहेत. ओढ्याच्या काठाला गवत-झुडपांचा एक अरुंद पट्टा राखून ठेवणे फार खर्चाचे नाही. तो पट्टा मातीही धरून ठेवतो. खुराड्याला बारीक छिद्रांची मजबूत जाळी आणि घट्ट कडी असेल, तर कोंबड्या सुरक्षित राहतात आणि रानमांजरावरील रागाचे कारणच उरत नाही. पाळीव कुत्र्या-मांजरांना लस टोचून घेतली तर रानातील प्राण्यांनाही तिचा आडून लाभ होतो.

रानमांजर माणसावर चालून येत नाही, पिकाला तोंड लावीत नाही आणि धान्याच्या कणगीत शिरत नाही. त्याला हवी असते ती उन्हात अंग टाकायला थोडी जाळी, बिनविषारी उंदीर आणि पिले वाढेपर्यंतचा अवकाश. एवढे मिळाले तर बांधावरची त्याची रात्रीची फेरी चालू राहील आणि त्या फेरीचा लाभ सकाळी शेताच्या धन्याच्याच पदरात पडेल. संध्याकाळी बांधावर थबकून ते पुन्हा आपल्याकडे पाहील तेव्हा दगड उचलू नये. क्षणभर आपणही थबकावे आणि त्याला वाट द्यावी.